वर्षाची बेगमी: मोहोळची ज्वारी आणि तिनं पाहिलेले दुष्काळ

सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागलं की पस्तीसेक किलोमीटरवर मोहोळ येतं. तालुक्याच्या एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा. दोन नद्यांच्या मधला मुलूख असला तरी तो पावसाच्या बाबतीत कायमचा तुटीचा. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. मृगावर इथं कुणी फारशी भिस्त ठेवली नाही. डोळे लागायचे ते उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे. त्या पावसानं काळी जमीन भिजली की ज्वारी पेरायची आणि पुढचे चार महिने मुरलेल्या ओलीवर तिला वाढू द्यायचं. हस्त कोरडा गेला की वर्ष गेलं. अशा मुलखात चांगल्या वर्षी वाईट वर्षाची बेगमी करणं हा संसाराचा पहिला नियम होता. ही बेगमी कशी उभी राहिली, कशामुळे मोडली आणि तिच्या जागी काय आलं, हे पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. घरचं धान्य एकट्याच्या बळावर दुष्काळ हटवू शकत नाही. पण ते ज्या घरात असतं त्या घराला तग धरायला वेळ मिळतो आणि सावकार, व्यापारी, सरकार यांच्यासमोर उभं राहायला थोडं बळ मिळतं. हा वेळ आणि हे बळ गेल्यावर काय होतं, हे सोलापूर जिल्ह्यानं १८७६ साली फार जवळून पाहिलं.

या बेगमीची सुरुवात रानातच व्हायची. ज्वारीच्या पिकात ठरावीक अंतरानं करडईच्या ओळी असत. काठाला पेरलेली काटेरी करडई जनावरांना अडवी आणि घरचं तेलही देई. सोबत हरभरा, थोडं जवस. खरिपाला जो काही पाऊस मिळे त्यावर बाजरीत तूर, मटकी, हुलगा. एक पीक बुडालं तरी दुसरं काहीतरी पदरात पडावं, हा त्यामागचा हिशेब. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुडाला शेवगा, मांडवावर दोडका, भोपळा, घेवडा. हरभऱ्याचे शेंडे खुडून पाला वाळवून ठेवायचा, उन्हाळ्यात सांडगे घालायचे, आणि आठवडे न् आठवडे टिकणारी कडक भाकरी करून ठेवायची. आज सोलापूरची खासियत म्हणून ती पाकिटातून विकली जाते, पण तिचं मूळ टिकवणीच्या अन्नात आहे. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस घ्या. त्या दिवशी रानात जाऊन खातात त्या भज्जीत हरभरा, वाटाणा, तूर, शेंगा आणि हाताशी असेल ती भाजी एकत्र शिजते. आपल्या रानात काय काय पिकतं याची वर्षातून एकदा ताटात होणारी मोजदादच ती.

पिकवण्याइतकंच महत्त्व राखण्याला होतं. रोजच्या वापराची ज्वारी कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात राहायची. वर्षानुवर्षं ठेवायची ती पेवात जायची. पेवासाठी उंचावरची, कोरडी, मुरमाड किंवा पांढरीतली जागा निवडत. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र पोट मोठं. भिंती सारवून, आत जाळ करून त्या खडखडीत वाळवत. तळाला आणि कडेनं कडब्याचा, भुसाचा जाड थर देत. ज्वारी भरली की तोंडावर फरशी आणि वर मातीचा लिंपा. हवा आत शिरत नसल्यानं कीड जगत नसे आणि दाणा बरीच वर्षं टिकून राही. पेव उघडताना मात्र घाई करून चालत नसे. आत कोंडलेल्या वायूनं माणूस गुदमरून मरे, म्हणून आधी दिवा खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं. या धान्यात गावातल्या भूमिहीनांचाही काही वाटा असे, कारण बलुतेदारांचं देणं खळ्यावर धान्याच्या रूपात दिलं जाई. तो वाटा जातीच्या उतरंडीनं ठरायचा, तो अपुरा होता आणि अनेकांसाठी अपमानाचा होता, हे विसरून जुन्या गावगाड्याचे गोडवे गाता येणार नाहीत. तरीही धान्य गावात होतं आणि त्याचा हिशेब गावातच होत होता.

धान्य कुठं आहे याइतकाच ते कुणाच्या हातात आहे हा प्रश्नही मोठा, याची जाण या भागाला फार जुनी आहे. मोहोळच्या शेजारच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत बहामनी राजवटीतले अधिकारी. पंधराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला, अशी परंपरा सांगते. विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन धान्याची रक्कम भरली, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून सांगितली गेली. कथेतला चमत्कार श्रद्धेचा भाग आहे. तिच्यातली परिस्थिती मात्र इतिहासाची आहे. कोठारं भरलेली आहेत, माणसं उपाशी आहेत आणि दोघांच्या मध्ये हुकूम उभा आहे. गावाच्या पेवात आणि घरच्या बळदात ज्वारी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक होतं की दर दुष्काळात दामाजी भेटत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था हळूहळू पोकळ होत गेली. त्याला एकच कारण नव्हतं. १८३६ साली शेजारच्या इंदापुरात इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली. तीच पद्धत पुढं सोलापूर भागात आली. सुरुवातीचे दर मागच्या आकारणीपेक्षा हलके होते, त्यामुळे पडीक जमिनी वहितीखाली आल्या, हेही खरं. पण सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा होता. पीक कमी आलं म्हणून आकार आपोआप कमी होत नसे. साऱ्याचा हप्ता आला की धान्य विकायचं, नाहीतर सावकाराकडे जायचं, हे दोनच मार्ग उरले. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, हातात पैसा खेळला, त्या भरात कर्जंही वाढली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं राहिली, आणि तीस वर्षांनी झालेल्या फेरआकारणीत साऱ्याचे दर वाढले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले ते याच कोंडीतून. मोहोळ तेव्हा माढा तालुक्यात होतं. १८६० साली मुंबईकडून सोलापूरपर्यंत रेल्वे आली आणि मोहोळला स्टेशन झालं. पूर्वी बैलगाडीनं जाईल तेवढंच धान्य बाहेर जाई. आता भाव असेल तिकडं ते वाघिणीत भरून दोन दिवसांत पोचू लागलं. सुगीनंतरची ज्वारी पेवात उतरण्याऐवजी अडत्याच्या दुकानाकडे वळण्याची सगळी कारणं एकत्र आली होती.

१८७६ साली पाऊस सुरुवातीपासून कमी होता, आणि ज्यावर सारं अवलंबून होतं तो सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आलाच नाही. खरीप करपलं, रब्बीची पेरणीच होऊ शकली नाही. मुंबई इलाख्यात सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होतं. रेल्वेनं बाहेरून धान्य आलं. ते स्टेशनांवर उतरलं आणि बाजारातही पोचलं. पण ज्याच्याकडे पीक नाही, मजुरी नाही आणि घरात साठा नाही, त्याला चढ्या भावाचं धान्य नुसतं दिसत होतं. आधी दागिने, मग भांडी, मग जनावरं विकली गेली. चारा नसल्यानं बैलांना किंमत उरली नव्हती. माणसं शेजारच्या मुलखांकडे निघाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकारानं तालुक्या-तालुक्यांतून पीकपाणी, भाव आणि मदतीच्या कामांची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली. सरकारनं खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामं काढली. पण १८७७च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या हिशेबावर आली. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला ती पुरणारी नव्हती. त्याविरुद्ध इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि सभेनं त्यांची बाजू उचलून धरली. ज्यांच्या घरी अजून थोडं धान्य शिल्लक होतं तेच अशा मजुरीला नकार देऊन काही दिवस थांबू शकत होते.

त्या दोन वर्षांत काय झालं ते जनगणनेत दिसतं. १८७२ साली सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १९ हजार होती. १८८१ साली ती सुमारे ५ लाख ८२ हजारांवर आली. यात मृत्यू आहेत आणि गाव सोडून गेलेले, परत न आलेलेही आहेत. जवळपास पाचातला एक माणूस नोंदीतून नाहीसा झाला. १८८० साली सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या: टंचाईची चिन्हं कोणती, कामं केव्हा काढायची, मजुरी किती, अशक्तांना मदत कशी. आज मोहोळ तालुक्यात असलेला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या मजुरांच्या कष्टातून उभा राहिला. पण संहितेचा सारा भर दुष्काळ पडल्यावर काय करायचं यावर होता. शेतकऱ्याच्या घरातून धान्य का गेलं, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. त्यामुळे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ पुन्हा त्याच घरांवर कोसळले. १८९१ साली साडेसात लाखांवर गेलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ साली पुन्हा सुमारे ७ लाख २१ हजारांवर आली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून संहितेतले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले, आणि सोलापूरच्या विणकरांसाठी खडी फोडण्याऐवजी मागावरच काम मिळावं अशी योजना पुढं केली, पण सरकारनं ती मानली नाही.

विणकरांचं हे उदाहरण घरच्या धान्याचा आग्रह धरणाऱ्याला अडवणारं आहे, आणि त्याला बगल देणं योग्य नाही. विणकराकडे शेत नव्हतं, परस नव्हतं. रानात राबणाऱ्या मजुराकडे पेव नव्हतं. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे की दुष्काळात माणसं मरतात ती बहुतेक वेळा धान्य संपल्यामुळे नव्हे, तर धान्य मिळवण्याची ऐपत संपल्यामुळे. मग घरी पिकवण्याला महत्त्व किती? उत्तर असं की घरचं पीक हासुद्धा धान्यावरचा एक हक्कच आहे, आणि भाव चढल्यानं न आटणारा तो एकच हक्क आहे. मजुरीची किंमत बाजार ठरवतो, मदतीची किंमत सरकार ठरवतं. बळदातल्या ज्वारीची भाकरी मात्र तेवढीच होते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी हा हक्क सरकारनं वेगळ्या मार्गानं उभा केला पाहिजे, ही त्या युक्तिवादाची दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकमेकींना पूरक आहेत, आणि पुढच्या शतकात तसंच घडत गेलं.

पहिली भर बियाण्यानं आणि मशागतीनं घातली. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं होतं. १९३३ साली सोलापूरला केंद्र आलं. एन. व्ही. कानिटकर यांच्या कामातून निघालेली शिफारस साधी होती: बांध घाला म्हणजे पाणी रानात मुरेल, ओळींत अंतर ठेवा, बी कमी टाका, आणि कोळपण्या वेळेवर करा म्हणजे काळ्या जमिनीच्या भेगा बुजून ओल उडणार नाही. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीनं एक वाण काढला गेला: एम ३५-१. शुभ्र, टपोरा, चमकदार दाणा, चवीची भाकरी, जनावरं आवडीनं खातील असा कडबा, आणि मुरलेल्या ओलीवर तग धरण्याची ताकद. पुढं संकरित ज्वारी आली आणि खरिपात पसरली. रब्बीत मात्र अनेक दशकं हाच वाण शेतकऱ्याच्या पसंतीला उतरला. त्याचा आणखी एक गुण इथं नोंदवायला हवा. तो सरळ वाण असल्यानं शेतकरी चांगली कणसं निवडून, टांगून ठेवून त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरू शकतो. बेगमी खाण्यापुरती राहिली नाही, बियाण्याचीही झाली. जगभरच्या रब्बी ज्वारीच्या अभ्यासकांना माहीत असलेला हा वाण मोहोळचा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात सरकारही धान्य पिकवण्याच्या मागे लागलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, १९४२ साली ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली, १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच सुमारास शेजारचा विजापूर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. पुढं १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला आणि सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं. या मोहिमांनी देशाच्या धान्याची तूट भरून काढली नाही. ते काम पुढं पाणी, खत आणि नव्या वाणांनी केलं. पण अन्न हा घराघराचा विषय आहे, हे त्यांनी सरकारदरबारी मान्य करून घेतलं. शेतकऱ्याच्या बाजूनं मात्र चित्र उलटं होतं. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं, धान्य खळ्यावरून उचललं जाई आणि घरात किती ठेवायचं हे बाहेरचा माणूस ठरवी.

मग आला १९७२चा दुष्काळ. ओळीनं तीन वर्षं पाऊस दगा देत गेला होता. पहिल्या वर्षी कणगीनं भागवलं, दुसऱ्या वर्षी बळद रिकामं झालं, तिसऱ्या वर्षी घरात काहीच नव्हतं. घरच्या बेगमीची मर्यादा याहून स्पष्ट दिसणार नाही. ती एका वर्षाचा घाव झेलते. लागोपाठ बसणारे घाव झेलायला समाज आणि सरकार लागतं. या वेळी ते उभं राहिलं. मे १९७३मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बांध, पाझर तलाव, रस्ते झाले. कामांवर सुकडी वाटली गेली. रेशनवर आलेला परदेशी लाल मिलो लोकांनी तोंड वाकडं करत का होईना, खाल्ला. १८७६ सारखा मृत्यूंचा डोंगर उभा राहिला नाही. त्या अनुभवातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पक्की झाली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. विणकराच्या आणि भूमिहीनाच्या प्रश्नाला शंभर वर्षांनी मिळालेलं हे खरं उत्तर होतं.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठानं चित्र पालटलं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. टाकळी सिकंदरचा भीमा सहकारी साखर कारखाना त्या बदलाची खूण आहे. जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढं गेला. हातात पैसा आला, मुलं शिकली, पक्की घरं झाली. हा लाभ नाकारणं अन्याय ठरेल. पण ऊस खाता येत नाही आणि उसाच्या रानात करडईची ओळ बसत नाही. ज्वारीचं क्षेत्र घटलं, तूर-मटकी विकतची झाली, कडबा महागला, परसाच्या जागी खोल्या चढल्या. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि उपासमारीची जुनी भीती पुष्कळ मागे पडली. त्याच सुमाराच्या, २०१२-१३च्या दुष्काळात धान्य होतं, पाणी नव्हतं. टँकरमागे पळणाऱ्या गावांत रेशनचा गहू-तांदूळ मिळत होता. ताटातली डाळ, तेल आणि हिरवी भाजी मात्र बाजारभावावर टांगलेली होती. पोट भरण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पोषणाचा आणि हातातल्या रोख पैशाचा प्रश्न घरात येऊन बसला.

याच ठिकाणी घरी पिकवण्याला आज नवा अर्थ आला आहे. लातूरच्या १९९३च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं मराठवाडा आणि सोलापूर भागातल्या बायकांबरोबर एक एकर शेतीची पद्धत रुजवली. घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईनं आपल्या निर्णयाखाली घ्यायचा, त्यात धान्य, कडधान्य आणि भाज्या मिसळून लावायच्या, आधी घरात खायचं आणि उरलं तर विकायचं. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. राज्याच्या ‘उमेद’ अभियानानंही पोषण परसबागेची मोहीम गावोगाव नेली. यावर आक्षेप येतात: एवढ्याशा जागेत कुटुंबाचं धान्य होणार कसं, आणि दुष्काळात बागेला पाणी आणणार कुठून? पहिल्याचं उत्तर असं की परसबागेनं पोतं भरायचं नाही, ताट पुरं करायचं आहे. पोत्यासाठी रेशन आहे आणि रानातली रब्बी आहे. दुसऱ्याचं उत्तर जुन्या बायकांनी देऊन ठेवलं आहे: न्हाणीचं पाणी, शेवग्यासारखी काटक झाडं, आणि पावसाळ्यात पिकवून उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवणं. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. उसाच्या एकरात जास्त पैसा असताना ज्वारीचा एकर का राखावा? कारण त्या पैशातला किती भाग डाळ-तेलाला जातो आणि पाणी आटलेल्या वर्षी तो पैसा येतो का, हा हिशेब एका चांगल्या सालावर करता येत नाही. तो दहा वर्षांचा करावा लागतो, आणि या मुलखात त्या दहा वर्षांत दोन-तीन वाईट वर्षं धरूनच चालावं लागतं.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष कुणाही एकाच्या बाजूचा नाही. सरकारनं हात वर करावेत आणि प्रत्येकानं आपापलं पिकवावं, असं म्हणणाऱ्याला १८७७ची मजुरी आणि १९७२चं रिकामं बळद दाखवावं. रेशन आणि हमी आहे, आता घरी पिकवायची गरज काय, असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं की मदत पोचायला नेहमी उशीर होतो आणि त्या उशिराच्या दिवसांत जनावरं विकली जातात, मुलींची शाळा सुटते, कर्ज होतं. मोहोळच्या शेतकऱ्याला यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. अर्धा एकर मालदांडी, तिच्यात करडईच्या ओळी, बांधाला तूर, परसात शेवगा आणि पुढच्या सालासाठी राखलेली चार पायल्या बियाण्याची ज्वारी, एवढी तरतूद कोरडवाहू शेतकऱ्यालाही जमण्यासारखी आहे. ज्याच्याकडे तेवढीही जमीन नाही त्याच्यासाठी गावठाणातली आणि गायरानातली जागा, शाळेची परसबाग आणि रेशनवर ज्वारी मागण्याचा हक्क हे ग्रामपंचायतीचे आणि राज्याचे विषय आहेत, आणि ते आग्रहानं मांडले पाहिजेत. हस्ताचा पाऊस पुन्हा चुकेल, हे नक्की आहे. तो चुकेल तेव्हा मोहोळच्या किती घरांत तग धरण्याइतकं अन्न असेल, हे मात्र चांगल्या पावसाच्या वर्षीच ठरतं.